विद्यापीठाचं पंचांग आणि गावाचं पंचांग



‘शहरातलं विद्यापीठ आणि त्याच्या सभोवतालचा समाज’ या विषयावर बोलायचं ठरलं, तेव्हा आधी एक साधा प्रश्न पडला. मुंबईसारख्या शहरातल्या विद्यापीठाचा सभोवताल कुठवर धरायचा? कलिन्याच्या कुंपणाबाहेरची वस्ती हा सभोवताल आहेच. पण मुंबईच्या नळाला पाणी येतं ते कुठून? मोखाडा तालुक्यात कोचाळ्याजवळ वैतरणा नदीवर मुंबई महापालिकेनं मध्य वैतरणा धरण बांधलं. 102 मीटर उंचीचं हे धरण 2014 मध्ये पूर्ण झालं आणि मुंबईला त्यातून दिवसाला साडेपंचेचाळीस कोटी लिटर पाणी मिळण्याची सोय झाली. त्याच मोखाड्यात मार्च उलटला की पाड्यापाड्यावर टँकरच्या वाटेकडे डोळे लावून हंडे रांगेला लागतात. ज्याच्या अंगणातलं पाणी आपण पितो, तो दीडशे किलोमीटरवर राहत असला तरी आपला शेजारीच.

हा शेजार विद्यापीठाला अगदीच अनोळखी आहे, असं म्हणता येणार नाही. मुंबई विद्यापीठ 1857 सालचं. जव्हारचं गोखले एज्युकेशन सोसायटीचं महाविद्यालय आणि मोखाड्याचं रयत शिक्षण संस्थेचं महाविद्यालय ही दोन्ही याच विद्यापीठाशी संलग्न आहेत. शिवाय गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 रोजी, देशातल्या 37 विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तेव्हापासून विद्यार्थ्यांनी गावात जायचं, काही दिवस राहायचं, श्रमदान करायचं ही रीत पडली. आजीवन अध्ययन आणि विस्तार विभागाचेही विद्यार्थी समाजात जाऊन काम करतात.

या शिबिरांची चेष्टा करणारे पुष्कळ भेटतात. मी त्यांच्यातला नाही. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून ओढ्यावर वनराई बंधारा घालणारी मुलं मी पाहिली आहेत. ज्या मुलीनं आयुष्यात कधी विहिरीतून पोहरा ओढला नाही, तिच्या तळहाताला दोराचा चट्टा उठला की पाण्याचा धडा तिला पुन्हा शिकवावा लागत नाही. मला सांगायचंय ते एवढंच की, विद्यापीठाचं पंचांग आणि गावाचं पंचांग एकमेकांशी जुळत नाही. आणि जोवर ते जुळत नाही, तोवर भेट होते, ओळख होत नाही.

दोन पंचांगांचा संसार कसा असतो, हे आमच्यासारख्या घरांना चांगलं ठाऊक आहे. आमचा रमजान चंद्राच्या हिशेबानं दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, आणि शाळा, कचेऱ्या, पगार मात्र इंग्रजी तारखांनी चालतात. शेजारी जेव्हा विचारतो, ‘यंदा तुमचे रोजे कधीपासून?’, तेव्हा त्या एका प्रश्नात शेजारधर्माचा अर्धा भाग येऊन जातो. विद्यापीठानं गावाला असा प्रश्न विचारावा, अशी माझी अपेक्षा आहे.

आता जव्हार-मोखाड्याचं वर्ष कसं जातं ते पाहू. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशा आदिवासी समाजांचा हा डोंगराळ मुलूख. मृग लागला की भाताची पेरणी, मग चिखलातली आवणी, उतारावर नागली आणि वरई. आषाढ-श्रावणात शिवार हिरवंगार दिसतं, पण घरातल्या कणग्या तळाला गेलेल्या असतात. जुनं धान्य संपलेलं आणि नवं अजून पोटरीतही आलेलं नाही, असे हे दिवस. घरातली मोठी माणसं दिवसभर चिखलात, ओढे भरलेले, दवाखाना दूर. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. 2016 मध्ये मोखाड्यातल्या कुपोषणाच्या बातम्यांनी तो पुन्हा अस्वस्थ झाला. लहान लेकरांची काळजी सर्वांत जास्त लागते ती याच दिवसांत.

मग भात पिकतं, तारपा घुमू लागतो, कणसरीची पूजा होते. पण त्याच सुमारास वीटभट्टीच्या मालकाचा माणूस उचल घेऊन पाड्यावर येतो. दिवाळी आटोपली की नवरा, बायको, कडेवरचं मूल, कोंबड्या आणि भांडी टेम्पोत बसून भिवंडी, कल्याण, वसईकडच्या भट्ट्यांवर जातात. ते होळीला परत येतात. होळीनंतर गावोगाव बोहाडे होतात, देवादिकांचे मुखवटे रात्र रात्र नाचतात. आणि मग चैत्र-वैशाखात विहिरी तळ दाखवू लागतात.

विद्यापीठाचं वर्ष याच्या शेजारी ठेवून पाहा. जून-जुलैत प्रवेशाची धावपळ. ऑक्टोबर-नोव्हेंबरात परीक्षा. डिसेंबर-जानेवारीत थंडी छान पडते, म्हणून बहुतेक शिबिरं तेव्हा. मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा परीक्षा, मे महिन्यात सुटी. म्हणजे गावात भूक असते तेव्हा विद्यार्थी वर्गात, गाव तहानलेलं असतं तेव्हा विद्यार्थी परीक्षेत, आणि विद्यार्थी गावात येतात तेव्हा अर्धं गाव भट्टीवर. हातात सर्वेक्षणाचे कागद घेऊन मुलं दारोदार फिरतात. कुठे कुलूप, कुठे ओटीवर आजी आणि तिच्या भोवती दोन नातवंडं. ‘घरात माणसं किती?’ या रकान्यात आजी सांगेल तो आकडा पडतो. कागद भरतात, आकडे खरेही असतात, पण त्यांतून गाव दिसत नाही.

यातली विलक्षण गोष्ट अशी, की डिसेंबरात हरवलेलं ते गाव शहराच्याच अंगणात आलेलं असतं. भिवंडी, कल्याण, वसई इथली कितीतरी महाविद्यालयं याच विद्यापीठाशी जोडलेली आहेत. जे गाव शोधायला बस करून घाट चढून जायचं, ते गाव महाविद्यालयापासून थोड्या अंतरावर भट्टीच्या धुरात विटा थापत असतं. शाळेत असायला हवं असं पोर तिथे विटा उलटत असतं. मग डिसेंबरातलं शिबिर भट्टीवर का भरू नये? संध्याकाळी दोन तास मुलांचा वर्ग घ्यावा, जवळच्या जिल्हा परिषद शाळेत त्यांची नावं घालायला मदत करावी, हजार विटांमागे ठरलेला दर आणि घेतलेली उचल यांचा हिशेब आईबापांना मांडून दाखवावा. यासाठी मोठा निधी लागत नाही, बेरीज-वजाबाकी येणारी मुलं लागतात.

वेळ देऊन केलेल्या कामाचं एक उदाहरण आपल्याजवळच आहे. पवईच्या आयआयटीमध्ये 1985 साली ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचं केंद्र सुरू झालं. ‘सितारा’ या नावानं ते ओळखलं जातं. तिथल्या अध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या, मोखाड्यातल्याही, टँकरवर जगणाऱ्या गावांचा अभ्यास केला. शंभर इंचांच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात टँकर का लागतो? काळा कातळ पाणी फारसं मुरू देत नाही, तीव्र उतार ते थांबू देत नाही, आणि ज्या विहिरीवर नळयोजना बांधायची तीच उन्हाळ्यात आटते. विहीर कधी आणि का आटते, हे पाहायचं तर तिच्या काठावर एप्रिलमध्ये उभं राहावं लागतं.

आणखी एक गोष्ट. अलीकडे गाव ‘दत्तक’ घेण्याची भाषा फार ऐकू येते. 2014 मध्ये सुरू झालेल्या उन्नत भारत अभियानातही संस्थांनी पाच-पाच गावं निवडायची असतात. दत्तक पोर घेतात. जव्हार-मोखाडा हा अनुसूचित क्षेत्राचा भाग आहे, आणि 1996च्या पेसा कायद्यानं इथल्या ग्रामसभांना आपल्या पाण्या-जंगलाविषयी, आपल्या विकासाविषयी ठरवण्याचे अधिकार दिले आहेत. जो स्वतःच्या घरचा कर्ता आहे त्याला दत्तक कसं घेणार? त्याच्या दारात जायचं ते पाहुणा म्हणून, आणि पाहुण्यानं घेतलेलं परत करायचं असतं. गावातून नेलेली माहिती, टिपून घेतलेली धवलेरीची गाणी, काढलेली छायाचित्रं पुढच्या ग्रामसभेत मराठीतून वाचून दाखवावीत आणि एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवावी. ‘हे चुकीचं लिहिलंय’ असं एखादी म्हातारी म्हणाली, तर ते दुरुस्त करावं. त्या दुरुस्तीइतकी चांगली परीक्षा कुठलंही परीक्षा मंडळ घेणार नाही.

2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजकार्य यांना अभ्यासक्रमात श्रेयांक मिळू लागले आहेत. ही चांगली गोष्ट आहे, आणि थोडी भीतीचीही. गुण मिळतात म्हटल्यावर कागद वाढतील, फलक वाढतील, छायाचित्रं वाढतील. पण याच तरतुदीचा दुसरा उपयोगही करता येईल. सेवा योजनेचा विद्यार्थी दोन वर्षांत 240 तास देतो. सात दिवस सलग राहण्याबरोबरच तीच मुलं त्याच पाड्यावर एकदा श्रावणात, एकदा भट्टीवर, एकदा चैत्रात गेली, तर दोन वर्षांत त्यांना गावाचं पंचांग पाठ होईल. आणि हे कसं करावं याचा सल्ला जव्हार आणि मोखाड्याच्या महाविद्यालयांकडे मागावा. तिथली मुलं विद्यापीठाचीही आहेत आणि गावाचीही. शहराच्या महाविद्यालयानं त्यांच्याकडे यजमान म्हणून, वाटाडे म्हणून, प्रसंगी शिक्षक म्हणून पाहावं.

पुढच्या शैक्षणिक वर्षाचं वेळापत्रक छापायला जाण्याआधी मुंबईच्या एखाद्या महाविद्यालयानं मोखाड्याच्या एका ग्रामसभेला पोस्टकार्डभर मजकुराचं पत्र पाठवावं. ‘आम्हाला यायचंय. आम्ही कधी येऊ आणि काय काम करू?’ बस्स, एवढंच. उत्तराला उशीर लागेल, कारण ग्रामसभेलाही माणसं भट्टीवरून परत यावी लागतात. तेवढी वाट पाहावी. आणि ग्रामसभेनं जी तारीख कळवली, ती आधी वेळापत्रकात लिहावी, परीक्षेच्या तारखा तिच्या आजूबाजूला बसवाव्यात.