सुईवांचून इन्शुलिन

दसरा सरला कीं बीड जिल्ह्यांतल्या कितीएक घरांना कुलुपें लागतात. केज, धारूर, वडवणी या भागांतलीं बिऱ्हाडें कोयते घेऊन ऊंसतोडीस निघतात व पुढचे पांच-सहा महिने फडाशेजारच्या कोपींत काढतात. अशा कोपींत एखादा मधुमेहाचा रोगी असला, तर त्यानें इन्शुलिन ठेवावें कोठें? साठवणींत त्याला 2 ते 8 अंश सेंटिग्रेड एवढी थंडी लागते. 1922 सालीं टोरांटो येथें तें प्रथम रोग्यास टोचलें. शंभर वर्षें उलटलीं, तरी बहुतेकांची सुई कांहीं सुटलेली नाहीं.

याचें कारण इन्शुलिनच्या जातींत आहे. तें प्रथिन आहे. गिळलें तर पोटांतले रस त्याची वाट डाळीच्या वरणासारखीच लावतात. कातडीवर चोळावें, तर तिचा वरचा मृत पेशींचा थर आडवा येतो. तो थर कागदाहूनहि पातळ; पण पेशींमधल्या स्निग्ध द्रव्यामुळें एवढा चिवट, कीं इन्शुलिनएवढा मोठा रेणु त्यांतून पार होत नाहीं.

या दोन बंद दारांशीं ज्यांनीं आयुष्यभर झुंज घेतली, त्यांत प्रा. समीर मित्रगोत्री यांचें नांव अग्रभागीं आहे. मुंबईस माटुंग्याच्या रासायनिक तंत्रज्ञानाच्या संस्थेंतून 1992 सालीं ते पदवीधर झाले आणि अमेरिकेंतील एम.आय.टी.मध्यें रॉबर्ट लँगर व डॅनियल ब्लांकश्टाइन यांच्या हाताखालीं संशोधनास लागले. रसायन-अभियांत्रिकीची विद्या शिकलेल्या माणसानें औषधाकडे वळावें याचें नवल वाटण्याचें कारण नाहीं. पडद्यांतून द्रव्य कसें झिरपतें, हा मुळांत रसायन-अभियंत्याचाच प्रश्न.

ध्वनिलहरींनीं कातडी सैल करण्याची कल्पना त्यांच्यापूर्वींचीच. परंतु त्या प्रयत्नांतून सेकंदाला दहा-दहा लाख कंपनांचा ध्वनि वापरीत आणि यश बेताचें येई. मित्रगोत्री उलट दिशेनें गेले. कंपनें 20 हजारांवर, म्हणजे माणसाच्या कानाच्या अगदीं वेशीवर, आणलीं. इतक्या मंद कंपनांत कातडीवरील द्रवांत मोठे बुडबुडे उठतात, फुटतात, आणि त्या धक्क्यांनीं स्निग्ध थराची वीण विसकटते. 1995 सालीं ‘सायन्स’ या नियतकालिकांत तिघांचा निबंध आला. त्यांत इन्शुलिनच काय, त्याहून कितीतरी मोठीं प्रथिनेंहि मानवी त्वचेंतून पार गेल्याचें दाखविलें होतें.

पुढें या तत्त्वावर यंत्र निघालें व 2004 सालीं अमेरिकेंत त्यास परवानगीहि मिळाली. पण ती कातडी बधिर करणारें औषध लवकर आंत जावें एवढ्यापुरती. इन्शुलिन मागेंच राहिलें. प्रयोगशाळेंतून बाजारापर्यंतची वाट अशीच नागमोडी असते, आणि वर्तमानपत्रें तीच नेमकी वगळतात.

2000 सालापासून सँता बार्बरा येथें व 2017 पासून हार्वर्डमध्यें त्यांनीं हा प्रश्न नानापरींनीं घोळविला. औषध वाहून नेणाऱ्या सूक्ष्म कणांचा आकार कसा असावा, हें एक उदाहरण. ज्युली चॅम्पियन या विद्यार्थिनीसह त्यांनीं प्लॅस्टिकचे बारीक मणी ताणून लांबट केले आणि परकी द्रव्यें गिळणाऱ्या पेशींपुढें ठेवले. टोंकाकडून पेशी भिडली कीं मणी कांहीं मिनिटांत गिळंकृत. पसरट बाजूनें भिडली, तर तीच पेशी तासन् तास त्यावर पसरून राही, पण गिळूं शकत नसे. 2006 सालच्या या निबंधानें कणाच्या आकारमानाइतकीच त्याच्या घडणीलाहि किंमत आली.

आणि पोटाचें दार? 2018 सालीं त्यांनीं व सहकाऱ्यांनीं कोलीन आणि जेरॅनिक आम्ल यांचा दाट द्रव करून त्यांत इन्शुलिन मिसळलें. हें आम्ल वेलदोड्यांत व गवती चहांत सांपडतें. आपल्या स्वयंपाकघराला तें परकें नव्हे. आम्लाला न विरघळणाऱ्या वेष्टणांतून हा द्रव आंतड्यांत पोंचला, कीं तेथील चिकट थर पातळ करतो, पेशींमधल्या फटी सैल करतो आणि पाचक रसांना आवर घालतो. उंदरांची रक्तशर्करा त्यानें 45 टक्क्यांपर्यंत उतरली व परिणाम 12 तास टिकला. शिवाय मिश्रण साध्या खोलींत दोन महिने शाबूत राहिलें. कोपींतल्या रोग्याला या शेवटच्या वाक्याचें मोल बाकीच्या सर्वांहून अधिक वाटेल.

मात्र उंदीर आणि माणूस यांत अंतर आहे, आणि हें औषध अजून दुकानांत आलेलें नाहीं. तोंवर, जेथें शीतकपाट नाहीं तेथें वैद्य सांगतात त्याप्रमाणें, इन्शुलिनची कुपी ओल्या मातीच्या मडक्यांत सांवलीला ठेवावी लागते.