ऐंशी गुणांचं अंतर

28 जुलै 2025, जॉर्जियातलं बाटुमी. महिला बुद्धिबळ विश्वचषकाची अंतिम लढत. कोनेरू हम्पीचं रेटिंग 2543, नागपूरच्या 19 वर्षांच्या दिव्या देशमुखचं 2463. ऐंशी गुणांचा हा फरक एलो या रेटिंग पद्धतीनुसार सांगतो, की शंभर डावांत दिव्याला साधारण 39 गुण मिळावेत. म्हणजे कमी रेटिंगवाल्याचा विजय हा चमत्कार नव्हेच!

दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत सुटले. जलद टायब्रेकचा पहिलाही तसाच. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी. घड्याळ पळत होतं, अनुभवी हम्पीच्या हातून चुका झाल्या आणि दिव्यानं डाव जिंकला. मग आईच्या मिठीत तिला रडू आवरेना. स्पर्धेआधी ग्रँडमास्टर किताबासाठी लागणारा एकही नॉर्म, म्हणजे पात्रता कामगिरी, नसलेल्या या मुलीला विजेतेपदाबरोबर थेट तो किताबच मिळाला.