घरच्या दप्तरातला इस्लाम



 गोदाकाठच्या नांदेडात या परिषदेत इस्लामच्या श्रद्धा, कायदा आणि आरंभीचा इतिहास यांवर दोन दिवस बोलायचे आहे. हा अभ्यास आपल्याकडे नवा नाही. निलंग्यात जन्मलेल्या सेतुमाधवराव पगडींनी फारसी-उर्दूचा व्यासंग केला आणि मराठीत ‘सूफी संप्रदाय’ लिहिला. याच शहरात, पीपल्स कॉलेजात, नरहर कुरुंदकरांनी शिकवले. ते नास्तिक होते, तरी इस्लामवर त्यांनी आयुष्यभर वाचले आणि लिहिले. पटले नाही तिथे परखड बोलले, पण वाचल्याशिवाय बोलले नाहीत. या सभागृहात मला तीच शिस्त हवी आहे.

विद्यार्थ्यांनो, घरी पणजोबांच्या वेळचे जमिनीचे कागद असतील तर काढून पाहा. त्यांवर फसली सन दिसेल. प्रेषित मुहंमद इ.स. 622 मध्ये मक्का सोडून मदिनेला गेले. त्या हिजरतीपासून वर्षे मोजायची, हे दुसरे खलिफा हजरत उमर यांच्या काळात ठरले. पण चांद्र वर्ष सुमारे 354 दिवसांचे. सण ऋतूंतून फिरत राहिले तरी चालते, सारा मात्र सुगीनंतरच वसूल होतो. म्हणून मोगल काळात हिजरीचा आकडा तसाच उचलून पुढची मोजणी सौर वर्षाने केली, तो फसली सन. निजामाच्या महसुली दप्तरात तो रुळला. मराठ्यांच्या पत्रांतला सुहूर सनही असाच हिजरीतून निघाला. मदिनेची ती घटना आपल्या बांधावरच्या कागदापर्यंत येऊन पोहोचली आहे, आणि आपण मात्र तो इतिहास दुसऱ्या कुणाचा समजतो, याचे मला वाईट वाटते.

कलमा, नमाज, रोजा, जकात, हज ही इस्लामच्या पाच आधारस्तंभांची नावे बहुतेकांना पाठ असतात. जकात म्हणजे ठरावीक मर्यादेपुढच्या, वर्षभर शिल्लक राहिलेल्या धनाचा चाळिसावा हिस्सा, हे मात्र शेजारी राहूनही पुष्कळांना माहीत नसते.

कायद्याबद्दल तर गैरसमजच फार. शरियत म्हणजे एकच छापील संहिता, असे अनेकांना वाटते. कुरआन, प्रेषितांच्या उक्ती-कृतींच्या नोंदी म्हणजे हदीस, विद्वानांचे एकमत म्हणजे इज्मा, आणि साम्यावरून काढलेला निष्कर्ष म्हणजे कियास, या चार आधारांवर सुन्नी फिक्ह म्हणजे कायदेविचार उभा राहिला आणि त्याच्या शाखा झाल्या. मराठवाड्यातले सुन्नी बहुतांशी हनफी, तर अरबस्तानाशी समुद्रमार्गे नाते असलेले कोकणी मुसलमान शाफई. एकाच राज्यात दोन परंपरा! या कायद्यावरचा देशभर वापरला जाणारा इंग्रजी ग्रंथ लिहिणारे आसफ फैजी माथेरानला जन्मले होते.

2002 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात, लातूरच्या एका पोटगीच्या प्रकरणात, पूर्ण पीठाने निकाल दिला. ‘मी पूर्वीच तलाक दिला आहे’ असे पतीने कोर्टाला नुसते लिहून दिल्याने तलाक सिद्ध होत नाही. त्याला कारण दाखवावे लागेल, समेटाचे प्रयत्न झाल्याचे सिद्ध करावे लागेल. दोन्ही घरांतून एकेक मध्यस्थ नेमावा, हे कुरआनच्या सूरह निसामध्ये आहे, आणि न्यायमूर्तींनी कुरआनचाच आधार घेतला होता. एका जाणत्या वकिलाने मूळ वचन कोर्टापुढे ठेवले तर एका बाईची पोटगी वाचू शकते. अभ्यासाचा याहून मोठा उपयोग मला ठाऊक नाही.

म्हणून कायद्याच्या सत्राला आम्ही सर्वांत जास्त वेळ ठेवला आहे. मौलाना, वकील आणि इतिहासाचे प्राध्यापक एकाच व्यासपीठावर बसतील. मुलींनी त्या सत्राला पुढच्या रांगेत बसावे आणि मेहर म्हणजे विवाहात पतीकडून पत्नीला मिळणारे धन, खुला म्हणजे पत्नीने मागून घेतलेला घटस्फोट, आणि वारसाहक्क यांवर हवे ते प्रश्न विचारावेत. उत्तर पूर्ण होईपर्यंत सत्र थांबवले जाणार नाही.

उद्घाटक महोदयांनी परिषदेला आरंभ करावा, अशी विनंती करतो.