तिजोरीतली तूट आणि मराठवाड्याचे पान



अंदाजपत्रक म्हटले की आपले लोक म्हणतात, ती मुंबईची भानगड, आपल्याला काय करायचे? अहो, पण त्या वहीतली जमा आपणही भरतो! नांदेडच्या पेठेत साबण घ्या, कर आहे. लातूरच्या आडतीवर तूर न्यायला टेंपोत डिझेल घाला, कर आहे. खताच्या पोत्यावरही आहेच. निजामाच्या राज्यात करोडगिरीचा नाका असे, निदान घेणारा शिपाई डोळ्यांना दिसे. आता तो पावतीत जाऊन बसला आहे.

तर ही जमा कमी आली म्हणजे काय होते, ते ऐका. २०२०-२१ साली सरकारने महसुली जमा धरली ३ लाख ४७ हजार ४५७ कोटी रुपये. टाळेबंदीत बाजार बसला आणि सुधारित अंदाज निघाला २ लाख ८९ हजार ४९८ कोटींचा. शंभरातले सोळा-सतरा रुपये गळाले! महामारीचा दोष राज्य सरकारच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. वस्तू व सेवा कर आणताना २०१७ साली दिल्लीने पाच वर्षे तूट भरून देण्याची हमी दिली होती. २०२० साली तीच दिल्ली राज्यांना आधी कर्ज काढा म्हणाली. हेही विसरू नका.

आमचा सवाल निराळा आहे. कात्री कुणावर चालली? पगार थांबवता येत नाही, पेन्शन नाही, कर्जाचे व्याज तर नाहीच नाही. उरली विकासाची कामे. ४ मे २०२० च्या हुकुमाने योजनांना तरतुदीच्या ३३ टक्केच पैसा, आणि नवे काम बंद! आरोग्य, धान्य, मदतकार्य यांना अग्रक्रम दिला, तो योग्यच होता. पण पुण्यात काम थांबले तर झालेल्या रस्त्याची डागडुजी लांबते. आमच्याकडे रस्ताच व्हायचा असतो. २०१६ साली लातूरकरांना मिरजेहून आगगाडीने पाणी आणून पाजावे लागले. अशा जिल्ह्याला आणि पुण्याला एकच कात्री, हा न्याय म्हणायचा?

बरे, पहारा कुणाचा होता? अनुशेष मोजला दांडेकर समितीने, १९८४ साली. विकास मंडळ मिळायला १९९४ उजाडले. त्या मंडळाची मुदत संपली ३० एप्रिल २०२० रोजी, आणि चौथ्या दिवशी कात्रीचा हुकूम निघाला! योगायोग असेल, पण विचारायला कुणी उरले नव्हते, एवढे खरे.

२८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात काय लिहिले आहे? खर्च लोकसंख्येच्या प्रमाणात, मराठवाड्याकडे विशेष लक्ष, आणि त्याचा अहवाल दरसाल विधानसभेपुढे. मार्चमधली तरतूद आम्हाला वाचून दाखवू नका. वर्ष सरल्यावर नांदेडला प्रत्यक्ष किती रुपये पोचले, लातूरला किती, कोणते काम कापले, हे त्या अहवालात छापा. आणि तूट पडेल त्या साली अनुशेषाच्या जिल्ह्यांतले चालू काम शेवटी कापा, पहिले नव्हे. हे दोन्ही सवाल आपापल्या आमदाराला विचारा, आणि तोंडी नव्हे, लेखी उत्तर घ्या.