एका पाटावरची गावे
(संघाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



या मेळाव्यात विचार मांडण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि सारी नोकरी प्राथमिक शाळांतून झालेली. अर्थशास्त्रासारख्या विषयावर अधिकारवाणीने बोलावे एवढी आमची योग्यता नाही. तथापि गावाची सांपत्तिक स्थिती शाळेच्या हजेरीपटावर जितकी लवकर उमटते तितकी ती सरकारी अहवालातही उमटत नसेल. पाऊसपाणी चांगले झाले की मुले वर्षाअखेरपर्यंत वर्गात टिकत. विहिरी आटल्या की दिवाळीनंतर आईबापांसमवेत कामाच्या शोधात निघून जात. पस्तीस वर्षे हा पट भरीत आलेल्या माणसाचे चार अनुभवाचे बोल, एवढ्याच दृष्टीने आपण या भाषणाकडे पाहावे, अशी विनंती आहे.

विषय आहे ग्रामीण भागाच्या आर्थिक उन्नतीचा, आणि ती साधण्यासाठी गावोगावच्या मंडळींनी एकत्र येऊन कसे काम करावे याचा. हा विषय निवडण्यास एक निमित्त घडले. आपल्या ज्ञातीतील शेतकऱ्यांची एक स्वतंत्र उत्पादक कंपनी काढावी आणि तिच्यासाठी संघाच्या निधीतून भांडवल द्यावे, अशी सूचना यंदा काही तरुण बंधूंनी मंडळापुढे ठेवली आहे. 2002 साली कंपनी कायद्यात झालेल्या दुरुस्तीमुळे शेतकऱ्यांना अशी उत्पादक कंपनी काढता येते, ही गोष्ट खरी आहे. सूचना करणाऱ्यांची तळमळही आम्ही जाणतो. परंतु तिला संमती देण्यापूर्वी आपल्याच महाराष्ट्रातील दोन-तीन उदाहरणे आपण नीट न्याहाळावीत, असे आम्हांस वाटते.

पहिले उदाहरण खानदेश-बागलाणातील फड पद्धतीचे. पांझरा, मोसम, आरम या नद्यांच्या काठी सुमारे तीन-चारशे वर्षांपासून ही पद्धत चालत आली. नदीवर दगडी बंधारा घालावयाचा, त्यातून पाट काढावयाचा आणि पाटाखालच्या भिजणाऱ्या जमिनीचे तीन-चार मोठे भाग, म्हणजे फड, पाडावयाचे. एका फडात एका हंगामात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे. यंदा ज्या फडात ऊस, तेथे पुढे दुसरे पीक, अशी फेरपालट ठरलेली असे. पाणी कमी पडणार असे दिसले तर एखादा फड त्या वर्षी कोरडा ठेवीत. बहुतेक शेतकऱ्यांची जमीन निरनिराळ्या फडांत विखुरलेली असल्यामुळे कोरडेपणाचा भार एकट्यादुकट्यावर न पडता सर्वांत वाटला जाई. पाणी देण्यासाठी पाटकरी, पिकाची राखण करण्यासाठी जागल्या आणि देखरेखीसाठी हवालदार नेमलेला असे. पाटातील गाळ काढावयास साऱ्या भागीदारांनी यावे, असा दंडक होता.

या पद्धतीत कोणी परोपकाराची शपथ घेतलेली नव्हती. प्रत्येकास आपल्याच शेताची काळजी होती. परंतु व्यवस्थाच अशी बांधलेली होती की शेजाऱ्याचा पाट कोरडा पाडून आपला मळा हिरवा ठेवणे कोणास परवडू नये. पुढे वरच्या अंगास धरणे झाली, विहिरींवर पंप बसले, ज्याला त्याला आपापले पाणी स्वतंत्रपणे उपसता येऊ लागले, आणि बऱ्याच बंधाऱ्यांवरील ही शिस्त सैल पडली. माणसे पूर्वीपेक्षा वाईट झाली असे नव्हे. एकमेकांवाचून अडत नाही अशी त्यांची समजूत झाली. भूगर्भातले पाणी तरी अखेर सर्वांचे एकच असते, ही गोष्ट पुढे विहिरी खोल खोल न्याव्या लागल्या तेव्हा कळली.

दुसरे उदाहरण आजच्या काळातले, आणि त्याचा आम्ही थोडा विस्ताराने परामर्श घेणार आहोत. नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी तालुक्यात कोळवण नदीवर वाघाड धरण आहे. त्याच्या कालव्याच्या अगदी शेवटाकडे निफाड तालुक्यातील ओझर हे गाव येते. विमानांच्या कारखान्यामुळे ओझरचे नाव आपणांपैकी पुष्कळांनी ऐकले असेल. कालवा कागदोपत्री ओझरपर्यंत होता. पाणी मात्र तेथवर क्वचितच पोहोचे. धरणाजवळचे शेतकरी, ज्यांना पाटबंधारे खात्याच्या भाषेत ‘हेड’चे शेतकरी म्हणतात, ते पाणी घेऊन मोकळे होत आणि ‘टेल’च्या वाट्यास कोरड्या चाऱ्या येत. नमुना नंबर 7 चा अर्ज भरावा, पाणीपट्टीची चिंता करावी आणि आवर्तनाची वाट पाहत बसावे, असा त्यांचा क्रम होता.

अशा वेळी ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राचे कार्यकर्ते बापूसाहेब उपाध्ये आणि त्यांचे सहकारी भरत कावळे यांनी या टेलच्या शेतकऱ्यांना एकत्र केले. 1990-91 च्या सुमारास महात्मा फुले, बाणगंगा आणि जय योगेश्वर अशा तीन पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. त्यांनी पाटबंधारे खात्याशी करार केला. खात्याने चारीच्या तोंडाशी संस्थेस मोजून पाणी द्यावे आणि त्या मापाप्रमाणे आकार घ्यावा. पुढे कोणत्या शेतास किती तास पाणी सोडावयाचे, पट्टी किती बसवावयाची आणि ती कशी वसूल करावयाची, हे संस्थेने पाहावे, असा हा व्यवहार होता. कोणते पीक घ्यावे याचे स्वातंत्र्य शेतकऱ्यास मिळाले.

वरवर पाहता ही हिशेबाची बाब दिसते. पण तिने शेतकऱ्याची दृष्टीच पालटली. पाणीपट्टी एकराच्या हिशेबाने असते तोवर पाणी जपून वापरण्यात कोणाचाच फायदा नसतो. तीच पट्टी तासाच्या हिशेबाने झाली की रात्रीची पाळीसुद्धा माणूस बांधावर उभा राहून घेतो, कारण वाहून गेलेल्या पाण्याचेही पैसे आपल्याच गाठीचे असतात. या संस्थांनी आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली. नाल्यांवर आणि ओढ्यांवर बंधारे घालून त्यांत कालव्याचे पाणी सोडले, म्हणजे आसपासच्या विहिरींना पाझर लागला. ज्यांच्या विहिरींना लाभ झाला त्यांनीही संस्थेस आकार द्यावा, असे ठरले. बारमाही पाण्याची शाश्वती आल्यावर द्राक्षासारखी, भांडवल मागणारी पिके घेण्याचे धैर्य लहान शेतकऱ्यासही झाले.

परंतु आमच्या मते खरी कसोटी यापुढेच होती. टेलच्या तीन संस्था कितीही व्यवस्थित चालल्या, तरी वरच्या मंडळींनी मनात आणल्यास त्यांचे पाणी बंद पडू शकत होते. म्हणून कालव्याच्या बाजूने गावोगाव हिंडून, सभा घेऊन, हेडच्या शेतकऱ्यांनाही संस्था काढण्यास प्रवृत्त करावे लागले. ज्याला आजच मुबलक मिळते आहे त्याने उद्या मोजून का घ्यावे, या प्रश्नाचे उत्तर सोपे नसते. हे काम दहा-बारा वर्षे चालले. अखेर 2003 साली धरणाखालील 24 पाणी वापर संस्थांची मिळून एक प्रकल्पस्तरीय संस्था झाली आणि संपूर्ण वाघाड प्रकल्पाचे पाणीवाटप शेतकऱ्यांच्या हाती आले. महाराष्ट्रातील अशा प्रकारचा हा पहिला प्रयोग मानला जातो. 2005 साली शेतकऱ्यांकडून सिंचन पद्धतीचे व्यवस्थापन करण्याचा स्वतंत्र कायदाच महाराष्ट्रात झाला.

बंधुभगिनींनो, या हकिकतीतून आम्ही तीन गोष्टी शिकलो. एक म्हणजे प्रदेशाच्या उन्नतीची सीमा गावाच्या शिवेवर थांबत नाही. आमचे गाव स्वयंपूर्ण व्हावे ही आकांक्षा सुंदर आहे; पण ज्या पाटावर आपण बसलो आहोत तो वरच्या गावातून येतो आणि खालच्या गावास जातो. माल बाजारास नेणारा रस्ता, दुधाची संकलन केंद्रे, शीतगृहे या सर्वांची तीच गत आहे. दुसरी गोष्ट, प्रत्येक गावाचे छोटे मंडळ आणि सर्वांचे मिळून एक मोठे मंडळ, अशी दोन्ही अंगे असावी लागतात. छोट्या मंडळात माणूस माणसास ओळखतो, म्हणून चोरी लपत नाही. मोठ्या मंडळाच्या अंगी बळ असते, म्हणून सरकारदरबारी शब्द चालतो. तिसरी गोष्ट, माप आणि हिशेब उघडे असावे लागतात. किती पाणी आले, कोणास किती तास दिले आणि किती पट्टी जमा झाली, हे ज्याला त्याला वाचता येईल अशा जागी लिहिलेले असले की निम्मी भांडणे उद्भवतच नाहीत.

येथे एका उणिवेचाही उल्लेख केला पाहिजे. पाणी जमिनीच्या मालकास मिळते. ज्यास जमीनच नाही त्याचे काय? 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे कैलासवासी विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग आरंभिला, तेव्हा या प्रश्नास त्यांनी सरळ हात घातला. पाण्याचा हक्क जमिनीच्या प्रमाणात न ठेवता माणसांच्या संख्येवर ठेवला. माणशी अर्धा एकर भिजेल इतके पाणी, आणि एका कुटुंबास अधिकात अधिक अडीच एकरांपुरते. भूमिहीनासही त्यात वाटा. उसास मात्र पाणी नाही. हा दंडक सर्वत्र रुजला नाही, कारण तो मोठ्या खातेदारास जड जाणारा आहे. परंतु गावाची उन्नती म्हणजे कोणाची उन्नती, हा प्रश्न विचारावयाचे धैर्य त्या माणसाने दाखविले, आणि कोणतीही संस्था काढताना तो आपणांसही टाळता येणार नाही.

आता आपल्या सूचनेकडे वळू. वाघाडच्या चारीवर सभासद कसे ठरले? ज्याचे शेत त्या चारीवर, तो सभासद. तेथे मराठा, माळी, वंजारी, आदिवासी, दलित अशी जातवार मोजणी करून संस्था काढावयाची म्हटली असती, तर एका चारीवर चार संस्था झाल्या असत्या आणि पाणी एकाही संस्थेच्या शेतात पोहोचले नसते. आपल्या ज्ञातीची घरे एकेका गावात पाच-दहा, एखाद्या गावात फार तर पंचवीस. एवढ्यांचीच निराळी कंपनी काढली, तर माल थोडा जमेल, गाडीभाडे महाग पडेल आणि व्यापारी पूर्वीसारखाच दर पाडील. याहून मोठे नुकसान असे की, शेजारच्या बांधवांच्या मनात शंका उत्पन्न होईल. ज्याच्या विहिरीचा पाझर आपल्या विहिरीस लागतो, त्याच्याशी दुरावा धरून कोणती शेती होणार आहे?

मग ज्ञातिसंघाने काही करावयाचेच नाही काय, असा प्रश्न कोणी विचारील. पुष्कळ करण्यासारखे आहे. आपल्या संघाने वसतिगृह चालवून आणि शिष्यवृत्त्या देऊन तीन पिढ्यांत हिशेबनीस, अभियंते, कृषिपदवीधर, वकील निर्माण केले. गावच्या संस्थांना नेमकी याच माणसांची वाण असते. संस्था मोडतात त्या बहुधा दुष्टाव्याने मोडत नाहीत. दफ्तर अपुरे, लेखापरीक्षण थकलेले, ठराव लिहिलेला नाही, अशा कारणांनी मोडतात. म्हणून आमची मंडळापुढे नम्र सूचना अशी की, कंपनीसाठी मागितलेल्या निधीतून आपल्या गावोगावच्या तरुण-तरुणींना दफ्तर, हिशेब आणि पाणीमोजणी यांचे शिक्षण द्यावे. वयाची किंवा लिंगाची आडकाठी ठेवू नये; घरातल्या पाळीची आणि पंपाची आठवण पुरुषांपेक्षा स्त्रियांनाच अधिक असते, हे आपण सारे जाणतो. शिकून तयार झालेल्यांनी आपापल्या गावच्या पाणी वापर संस्थेत, दूध संस्थेत, विकास सोसायटीत जाऊन चिटणिसाचे काम करावे आणि ते साऱ्या गावासाठी करावे. शहरात स्थायिक झालेल्या बंधूंनी वर्षातून दोन रविवार आपल्या मूळ गावच्या संस्थेचे हिशेब तपासून द्यावेत. देणगीच्या पावतीपेक्षा या दोन रविवारांचे मोल अधिक आहे.

आणखी एक विनंती आहे, आणि ती ऐकण्यास थोडी कडू वाटेल. गावच्या संस्थेची निवडणूक येते तेव्हा ज्ञातीची मते एकगठ्ठा कोणास द्यावयाची, याची खलबते आपल्या संघाच्या खोलीत होऊ नयेत. आपण आज एक गठ्ठा बांधला की उद्या दुसरे तीन गठ्ठे बांधले जातात, आणि चारीच्या दारावर बसविण्यासाठी योग्य माणूस शोधण्याऐवजी आपला माणूस शोधला जातो. योग्य माणूस परजातीचा असला तरी त्यास मत द्यावे. तो चोख पाणी देईल, तर आपल्याही शेतास ते मिळेलच.

संघाने आपणांस शिक्षण दिले, पोरक्या मुलांस आसरा दिला, लग्नकार्यातील खर्चास आळा घातला. हे ऋण मोठे आहे. ते फेडण्याची रीत आम्हांस एवढीच सुचते की, संघाने घडविलेली माणसे गावच्या कामास लागावीत. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत सत्कारमूर्तींच्या छायाचित्रांबरोबरच, कोणत्या गावात आपले कोण कोणत्या संस्थेचे दफ्तर सांभाळीत आहेत, याची एक यादी छापली जावी, असा ठराव मांडण्याची परवानगी आम्ही अध्यक्षमहाराजांपाशी मागतो. यादीत पहिल्या वर्षी पाचच नावे आली तरी चालेल.