माळ्यावरचा रेकॉर्ड प्लेअर

नगरच्या जुन्या वाड्यांत, संगमनेर-कोपरगावच्या घरांत माळ्यावर अजून रेकॉर्ड प्लेअर असतील. ते पुन्हा खाली उतरवणाऱ्यांचं मला फार कौतुक वाटतं. पण सुई टेकवण्याची घाई नको.

आधी तबकडी ओळखा. गायिका हिराबाई बडोदेकरांच्या उमेदीच्या काळातल्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्या लाखेच्या. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. अख्खा राग गवयाला तेवढ्यात मांडावा लागे! या तबकड्यांची खाच रुंद असते. नंतरची एलपी विनाइलची, मिनिटाला सुमारे ३३ फेरे घेणारी, आणि तिची खाच अगदी बारीक. चावीच्या ग्रामोफोनची पोलादी सुई एलपीवर टेकवलीत, तर एलपी कायमची खरवडली जाते.

वर्षानुवर्षं बंद असलेलं यंत्र थेट प्लगला लावू नका. आतले कंडेन्सर निकामी झालेले असू शकतात, रबरी पट्टाही सैल पडतो. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या जाणत्या कारागिराला आधी दाखवा. तबकड्या उभ्याच ठेवा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याखाली विनाइल हमखास वाकतं. आणि हो, भंगारवाल्याला देण्याआधी रेकॉर्ड प्लेअरची पेटी एकदा उघडून बघाच.