घरच्या घरीं बांधणीचा सदरा

कापड रंगविण्याची कला म्हटली कीं कापडाला रंग कसा लावावा, एवढाच विचार बहुधा आपल्या मनांत येतो. आज मी ज्या कलेविषयीं बोलणार आहें तिची गोष्ट उलट आहे. रंग कोठें लागूं द्यावयाचा नाहीं हें आधीं ठरवावयाचें, तेवढी जागा दोऱ्यानें आवळून बांधावयाची आणि मग सारें कापड निर्धास्तपणें रंगांत बुडवावयाचें, अशी तिची रीत आहे. बांधलेल्या जागीं रंग शिरत नाहीं. दोरा सोडला कीं तेथें ठिपका, कडें किंवा लाट उमटते. हिलाच आपण बांधणी म्हणतों. एक पांढरा सुती सदरा, दोऱ्याचें रीळ, थोडा रंग, मीठ आणि धुण्याचा सोडा एवढ्या साहित्यावर सुटीच्या एकदोन दिवसांत ती कोणत्याही घरीं करून पाहतां येते. ती कशी करावी हें सांगावें, आणि करून पाहिल्यानें रंगीत सदऱ्याखेरीज आणखी काय हातीं लागतें तेंही सांगावें, असा आजच्या भाषणाचा हेतु आहे.

ही कला फार जुनी आहे. सातव्या शतकांतील बाणभट्टाच्या 'हर्षचरिता'त हर्षाची बहीण राज्यश्री हिच्या विवाहाच्या तयारीचें वर्णन आहे. नाना प्रकारच्या नक्षींत निपुण अशा नगरांतील वृद्ध स्त्रिया वस्त्रें बांधीत आहेत, असें बाण तेथें सांगतो. म्हणजे तेराशें वर्षांपूर्वींही हें काम लग्नघरचें आणि बायकांच्या हातचें होतें. आजही कच्छ, जामनगर, जयपूर, जोधपूर, सीकर या ठिकाणीं ही परंपरा नांदते आहे. कच्छांत खत्री समाजानें रंगकामाचा वारसा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. गांठी बांधण्याचें काम मात्र बहुतांशीं घरोघरच्या स्त्रिया करतात. करंगळीचें नख वाढवून किंवा बोटांत टोंकदार अंगठी घालून त्या कापडाचा इवलासा चिमटा वर उचलतात आणि त्याला दोऱ्याचे वेढे देतात. एकट्या ठिपक्याला एकडाली, तीन ठिपक्यांच्या पुंजक्याला त्रिकुंटी, चारांच्या पुंजक्याला चौबंदी अशीं त्यांचीं नांवें आहेत. राजस्थानांत कापड तिरपें गुंडाळून बांधतात व त्यावर लाटा उमटवितात, तो लहरिया.

ही युक्ति केवळ आपल्यालाच सुचली असें मात्र नाहीं. जपानांत अरिमात्सु या गांवीं सतराव्या शतकापासून याच तत्त्वावर कापड रंगविलें जातें. तेथें या प्रकाराला शिबोरी म्हणतात. आफ्रिकेंत नायजेरियांतील योरुबा स्त्रिया निळींत बुडवून 'आदिरे' करीत आल्या आहेत. १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील तरुणांनीं असे रंगीबेरंगी सदरे घालण्याची टूम काढली व ती जगभर पसरली. इंग्रजींत ठिपक्यांच्या रुमालाला 'बंडाना' म्हणतात, तो शब्दही आपल्याकडूनच तिकडे गेला. 'बांधणें' याच कुळांतला तो आहे.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. पहिला प्रश्न सदऱ्याचा. तो शुद्ध सुती असला पाहिजे. शंका असल्यास कापडाच्या दुमडींतून एक धागा काढून चिमट्यांत धरून जाळून पाहावा. सूत कागदासारखें जळतें, तसाच वास येतो व मऊ राख उरते. पॉलिएस्टरचा धागा वितळतो आणि त्याची कठीण गुठळी होते. त्या कापडावर आपला रंग चढावयाचा नाहीं. एक बारीकशी सूचना येथेंच देऊन ठेवतों. सदरा सुती असला तरी शिवण पुष्कळदां पॉलिएस्टरच्या दोऱ्याची असते. सारा सदरा लाल झाला आणि शिवणीचे टांके तेवढे पांढरे राहिले, तर रंग फसला असें समजूं नये.

नव्या कापडाला खळ असते व खळीवर रंग धरत नाहीं. म्हणून सदरा आदल्या दिवशीं पाण्यांत थोडा साबण व थोडा सोडा घालून अर्धा तास उकळावा आणि स्वच्छ खळबळून घ्यावा. गांठी बांधावयाच्या त्या ओलसर कापडावर. कोरडें कापड बोटांतून निसटतें.

कोणता रंग घ्यावा? पुष्कळांना प्रथम हळद आठवते. हळद सुतावर तत्काळ चढते हें खरें, परंतु ती उन्हानें उडते आणि साबण लागतांच लाल पडते. हळदीपासून कुंकूं होतें तें याच गुणामुळें. तेव्हां हळद मुलांना गंमत दाखविण्यापुरती ठीक. नेहमींच्या वापरासाठीं थंड पाण्यांत लागणारे 'रिॲक्टिव्ह' रंग घ्यावे. हे १९५६ सालीं प्रथम बाजारांत आले. त्यापूर्वींचे पुष्कळसे रंग सुताला नुसते चिकटून राहत. हे रंग सोड्याच्या साहाय्यानें सुताशीं रासायनिक संयोग पावतात आणि म्हणून धुण्यानें सहसा जात नाहींत. मिठाचें काम पाण्यांतील रंग कापडाकडे लोटण्याचें. सोड्याचें काम तो तेथें कायमचा बसविण्याचें.

बांधण्याच्या तीन रीती सांगतों. सर्वांत सोपी चक्राची. सदरा मेजावर सपाट पसरावा, छातीच्या मध्यावर चिमटा घ्यावा आणि तो फिरवीत जावें. सारा सदरा भोंवतीं गुंडाळला जाऊन त्याची जाड जिलबी होते. तिच्यावरून तीन दोरे आडवेतिडवे आवळले कीं सहा भाग होतात. दुसरी रीत लहरियाची. एका खांद्यापासून समोरच्या खालच्या कोंपऱ्याकडे तिरप्या, बोटभर रुंदीच्या चुण्या घालाव्या व त्या लांबट जुडीला दोन दोन बोटांवर घट्ट वेढे द्यावे. चुण्या एकसारख्या असल्या तर लाटा एकसारख्या.

तिसरी रीत खऱ्या बांधणीची, आणि माझा आग्रह तिच्यासाठीं आहे. सदऱ्याच्या पुढच्या भागावर पेन्सिलीनें फिकट खुणा कराव्या. प्रथम गळ्याभोंवतीं ठिपक्यांची एक ओळ आणि छातीवर चार चार ठिपक्यांचीं कांहीं फुलें, एवढेंच पुरे. प्रत्येक खुणेवर कापड चिमटीनें उचलून त्याच्या बुडाशीं दोऱ्याचे सहासात वेढे आवळून द्यावे. दोरा मेणावरून ओढून घेतला तर तो सरकत नाहीं व पाणीही आंत घेत नाहीं. प्रारंभीं चिमटा हातांत राहत नसेल तर आंत कांचेचा लहान मणी ठेवावा. हरभरा किंवा मूग घालण्याची कल्पना सुचते, परंतु धान्य पाण्यांत फुगतें आणि त्याचा डाग पडतो. मागचा भाग पुढच्याबरोबर बांधला जाऊं नये म्हणून सदऱ्यांत एक पुठ्ठा सरकवून ठेवावा आणि रंगांत घालण्यापूर्वीं काढून घ्यावा.

आतां रंगाचें पाणी. साधारण सदऱ्याचें वजन २०० ग्रॅम धरूं. त्याला ४ लिटर कोमट पाणी, २०० ग्रॅम मीठ, ८० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि ५ ग्रॅम रंग पुरतो. फिकट छटेला २ ग्रॅम बस्स. भांडें प्लॅस्टिकचें किंवा स्टीलचें घ्यावें. ॲल्युमिनियमला सोडा खातो. हीं भांडीं पुन्हां स्वयंपाकांत आणूं नयेत. हातांत रबरी मोजे आणि भुकटी कालवतांना नाकातोंडाला फडकें हीं दोन पथ्यें पाळलीच पाहिजेत. भुकटी श्वासावाटे छातींत जाणें बरें नव्हे.

रंगाची भुकटी थोड्या पाण्यांत कालवून, गाळून मोठ्या पाण्यांत मिसळावी आणि मीठ विरघळवावें. बांधलेला सदरा ओला करून त्यांत वीस मिनिटें हलवीत राहावा. मग सदरा बाहेर काढून, वेगळ्या भांड्यांत विरघळविलेला सोडा रंगाच्या पाण्यांत ओतावा, ढवळावा आणि सदरा परत आंत सोडावा. सोडा कापडावर थेट पडला तर तेवढाच रंग गडद होऊन डाग उमटतो. यापुढें एक तास अधूनमधून हलवीत राहावें. सोडा घातलेला रंग कांहीं तासांतच निकामी होतो. तो बाटलींत भरून ठेवण्यांत अर्थ नाहीं.

दोन रंग हवे असल्यास फिकट आधीं, गडद मागाहून. पांढऱ्या सदऱ्यावर पहिल्या गांठी बांधून तो पिवळ्यांत काढावा. खळबळून झाल्यावर पहिल्या गांठी तशाच ठेवून पिवळ्या जागीं नव्या गांठी बांधाव्या आणि मग लालांत बुडवावा. गांठी सुटल्यावर लाल भुईवर पांढरे आणि पिवळे ठिपके दिसतील. पहिल्या गांठीनें पांढरा रंग राखला, दुसरीनें पिवळा. कोणता ठिपका केव्हां बांधावयाचा हें मनाशीं आधीं ठरलें पाहिजे. एकदां लाल चढला कीं त्याखालचा पांढरा परत मिळत नाहीं.

रंग झाल्यावर सदरा गांठींसकटच थंड पाण्यांत पुन्हां पुन्हां धुवावा. पाणी स्वच्छ येऊं लागलें कीं सावलींत वाळवावा. गांठी कात्रीनें कापण्याची घाई करूं नये. चुकून कापडच कापलें जातें. जाणते लोक वाळलेलें कापड आडवें ताणतात आणि दोरे पटापट उडून पडतात. शेवटीं गरम पाणी व साबण यांनीं एकदां धुतलें म्हणजे सुटा रंग निघून जातो.

श्रोतेहो, कृति इतकीच आहे. परंतु ती सांगण्यासाठींच मी येथें आलों नाहीं.

मी शाळामास्तर होतों. कार्यानुभवाच्या तासाला मुलांकडून मी बांधणीचे हातरुमाल करून घेत असें. एका वर्षीं मुलांना सांगितलें कीं आपापल्या गांठी मोजा. चाळीस मिनिटांच्या तासिकेंत बहुतेकांच्या तीसच्या आसपास भरल्या, आणि बोटें दुखूं लागल्याची तक्रार सर्वांची होती. मग फळ्यावर गणित मांडलें. बारीक कामाच्या साडीवर गांठी हजारांनीं मोजाव्या लागतात. आपण दहा हजारच धरूं. तासिकेला तीस गांठी, तर दहा हजारांना तीनशें तेहतीस तासिका. आठवड्याला कार्यानुभवाच्या दोन तासिका आणि वर्षाला शाळेचे चाळीस आठवडे. उत्तर आलें चार वर्षांहून अधिक. पांचवींत आरंभ केलेली साडी आठवी संपेपर्यंतही पुरी व्हावयाची नाहीं! वर्ग प्रथम हंसला, मग गप्प झाला. गणितांत मागें असलेल्या एका मुलानें विचारलें, "सर, मग ती बाई दिवसाला किती मिळविते?" त्या प्रश्नाइतका चांगला प्रश्न माझ्या वर्गांत फार थोड्या वेळां विचारला गेला असेल.

सराईत बाईचा हात या मुलांहून कितीतरी चपळ असतो हें उघड आहे. तरीही तिची मजुरी गांठींच्या संख्येवर ठरते, आणि नजर व मान यांचा खर्च त्या हिशेबांत कोणी धरत नाहीं. बाजारांत ठिपके नुसते छापलेलीं कापडें बांधणी म्हणून मिळतात, आणि त्यांच्या स्वस्ताईशीं तिला टक्कर द्यावी लागते. छापील कापड वापरण्यांत पाप नाहीं; तें खऱ्याच्या नांवावर आणि खऱ्याच्या किंमतींत गळ्यांत बांधून घेऊं नये एवढेंच. खऱ्या बांधणींत दोन ठिपके हुबेहूब सारखे नसतात, ठिपक्याच्या मध्यभागीं पुष्कळदां रंगाचा कण दिसतो, उलट बाजूसही नक्षी उमटलेली असते आणि कापडावर बारीक चुण्या उठलेल्या असतात. कित्येक दुकानांत तर गांठी न सोडतांच कापड विकतात. ती गांठच खरेपणाची साक्ष.

या खुणा मी आतां सांगितल्या, पण ऐकून त्या लक्षांत राहतीलच असें नाहीं. ज्यानें आपल्या हातानें शंभर गांठी बांधल्या आहेत त्याला त्या सांगाव्या लागत नाहींत. ठिपका वाकडा कां झाला, रंग आंत कां पाझरला, हें त्याच्या बोटांना ठाऊक असतें. असा मनुष्य दुकानांत खरी बांधणी हातांत घेतो तेव्हां किंमत ऐकून प्रथम ठिपके पाहतो, घासाघीस करीत नाहीं. घराघरांतून अशीं चारदोन माणसें निर्माण झालीं तर कच्छांतील त्या स्त्रियांच्या कामाला जाणतें गिऱ्हाईक मिळेल.

तेव्हां येत्या सुटींत घरांतील मुलांना एकेक जुना पांढरा सदरा द्या, मुलींना द्या तसा मुलग्यांनाही द्या, आणि गांठी मोजावयास मात्र विसरूं नका. सदरा थोडा वेडावांकडा झाला तरी चालेल. तो घालून मूल शाळेंत जाईल आणि किती गांठी बांधल्या तें चार जणांना सांगेल. तेवढें झालें कीं माझें आजचें बोलणें कारणीं लागलें असें मी समजेन.